दोन बोटं मागे

कायोटीच्या शिकारीसाठी बंदुकीची कोणती गोळी घ्यावी यावर आमच्या डायनिंग टेबलावर आठवडाभर खल चालला होता, आणि मंडळातल्या कुणाच्या कानावर तो जाऊ नये एवढीच माझी इच्छा होती. कॅनडातल्या सस्काटूनमधलं आमचं मराठी मंडळ लहान आहे. सकाळी कुणाच्या घरी भांडी वाजली तर दुपारी सगळ्यांना ठाऊक असतं. त्यात मी कमिटीवर. बहुतेक मंडळी पुण्यामुंबईची, कॉम्प्युटरवर बसणारी, घरात अंडंसुद्धा वेगळ्या तव्यावर करणारी. माझे वडील शिकार करतात हे त्यांना कळलं तर काय होईल, याची कल्पना करूनच मला घाम फुटायचा. माझ्या स्वतःच्या जॅकेटच्या टोपीला कायोटीच्याच केसांची झालर आहे, तिची मात्र मला कधी लाज वाटली नाही. ती दुकानातून विकत आणली होती ना!

माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणतो. माण तालुक्यातला माणूस. लहानपण मेंढरांमागे गेलं, तरुणपण सैन्यात, आणि हवालदार म्हणून निवृत्त होऊन गावी आले. आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं. पहिली दोन वर्षं त्यांनी काय केलं म्हणाल तर खिडकीतून बर्फ बघितला. नात शाळेतून आली की तिला मराठीत काहीतरी विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि आबा समजल्यासारखी मान हलवायचे. पहाटे उठून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते सोफ्यावर बसायचे. कुठे जायचं नसलेला माणूस रोज इतका तयार होऊन बसतो, हे बघून मला वाईट वाटायचं आणि खरं सांगायचं तर चीडही यायची.

मग उन्हाळ्यात माझ्या ऑफिसातल्या एकाने आम्हाला त्याच्या मावशीच्या फार्मवर नेलं. शहरापासून पाऊण तासावर, सत्तरीची विधवा बाई, मेंढ्यांचा मोठा कळप. आबा गाडीतून उतरले ते सरळ गोठ्यात शिरले. एका मेंढीचा पाय उचलून त्यांनी खूर पाहिला, बाईला खूण करून चाकू मागितला आणि खुरात अडकलेला खडा काढून दिला. दोघांना एकमेकांचं एक वाक्य कळत नव्हतं. पण त्या दिवसापासून दर शनिवारी मी आबांना तिकडे सोडू लागलो. घरी येताना त्यांच्या अंगाला मेंढ्यांचा वास यायचा आणि ते गाडीत बोलत सुटायचे.

सप्टेंबर-ऑक्टोबरात कायोटींनी बाईची बरीच कोकरं नेली. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्यापेक्षा मोठा आणि लांडग्यापेक्षा लहान. बाईचा नवरा असताना तो बंदोबस्त करायचा. त्याची रायफल तिच्या कपाटात कुलपात होती. आबांनी ती हातात घेऊन बोल्ट मागेपुढे केला, नळीतून उजेडाकडे बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाईला सांग, हे काम माझं."

बंदुकीच्या लायसन्सच्या कोर्सला आम्ही दोघे बसलो. लेखी पेपर आबांनी एकेक अक्षर लावून सोडवला. भरभर बोललेलं इंग्रजी त्यांच्या डोक्यावरून जातं, पण छापलेलं ते वाचतात. प्रात्यक्षिकात तर शिकवणारा बाजूला उभा राहून त्यांच्याकडे बघतच राहिला. रेंजवर नेमबाजी झाली तेव्हा माझ्या कागदावर भोकं शोधावी लागली आणि आबांच्या कागदावर एका रुपयाच्या नाण्याखाली सगळी झाकली गेली असती. त्या संध्याकाळी त्यांनी नातीला तो कागद दाखवला. "वॉव, आजोबा!" ती म्हणाली. हे उत्तर त्यांना समजलं. कागद त्यांनी आपल्या खोलीत लावला. या देशात त्यांची म्हणावी अशी ती पहिलीच गोष्ट होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

आता प्रश्न गोळीचा. थंडीत कायोटीची लव दाट होते, आणि बाई कातडी फळीवर ताणून, वाळवून विकायला पाठवायची. कातड्याला मोठं भोक पडलं की ते गेलंच, हे तिने आबांना हातवारे करून समजावलं होतं. आबांनी मनाशी धरलं की बाईला अखंड कातडं द्यायचं. मी इंटरनेटवरून चित्रं छापून आणली. एका गोळीला तांब्याचं कवच पूर्ण, टोकापर्यंत; ती जशी शिरते तशीच सरळ पलीकडे निघून जाते. दुसरीचं टोक शिशाचं, उघडं. ती आत फुलते आणि बाहेर पडताना मोठं भगदाड पाडते. तिसरी वजनाला हलकी, कवच पातळ, टोकाला प्लास्टिकचा थेंब. ती आत शिरली की तिचे तुकडे होतात. त्या तुकड्यांचं चित्र बघून आबांनी चष्मा काढला.

"ही नगं," ते म्हणाले. "फुटनारी गोळी आपन वापरत न्हाय."

"का? प्राण्यालाच तर मारायचंय."

"आरं, लढाईत शत्रूवरसुदिक चालत न्हाय ती. जगाचा नेम हाय. रिक्रूट हुतो तवा सुभेदारसाहेब सांगायचे, गोळी अशी पायजे की मानूस पडंल, त्याची चाळण हुनार न्हाय. शत्रूवर चालत न्हाय ती मुक्या जनावरावर कशी चालवू?"

सबंध आयुष्य त्यांनी पूर्ण कवचाचीच गोळी चालवली होती. भोक बारीक, म्हणजे कातडंही शाबूत. त्यांचा हिशेब सरळ होता आणि मला त्यात खोट दिसेना. मी सॉफ्टवेअरवाला. मला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची फारशी इच्छाही नव्हती. तरी मी म्हटलं, दुकानात विचारू.

जानेवारीतला शनिवार होता, बाहेर उणे अठ्ठावीस. आबांनी गावाकडची चॉकलेटी माकडटोपी घातली होती, तिच्यावरून मफलर गुंडाळला होता, आणि खाली मी दिलेलं लाल जॅकेट. दुकान मोठं होतं. एका बाजूला तंबू, गळ, रायफली, आणि दुसऱ्या बाजूला बूट, स्केट्स, मुलांचे हातमोजे. काउंटरवरचा माणूस उंच, दाढीवाला, बोलायला उत्सुक. मी त्याला आबांना हवा असलेला बॉक्स दाखवला. कशासाठी, त्याने विचारलं. कायोटी, मी म्हटलं, कातडं राखायचंय.

त्याने तो बॉक्स बाजूला सरकवला आणि समजावायला लागला. काउंटरवर बोटाने त्याने कायोटी काढला, छातीवर बोट टेकवलं. इथे बसली तर कुठलीही गोळी चालते, म्हणाला. पण वारा असतो, जनावर पाऊल टाकतं, नेम दोन बोटं मागे जातो. तेवढं मागे गेलं की ही कवचाची गोळी आरपार निघून जाते आणि जनावर तसंच पळतं. कधी कधी दिवसभर. ती हलकी, प्लास्टिकच्या टोकाची घे. ती आत फुटते आणि सहसा आतच राहते. आत जायचं भोक वाटाण्याएवढं, बाहेर पडायचं बहुधा नाहीच. कातडंही वाचतं आणि जनावर जागच्या जागी संपतं.

म्हणजे आबांना जे हवं होतं ते सगळं त्या दुसऱ्या बॉक्समध्ये होतं. मला फक्त ते मराठीत सांगायचं होतं.

त्याच वेळी बुटांच्या रॅकपाशी मला मंडळाचे अध्यक्ष दिसले. शेजारी त्यांच्या पत्नी, हातात मुलांच्या स्केट्स. रविवारी त्या आमच्या मुलांना श्लोक शिकवतात. त्यांनी अजून आमच्याकडे पाहिलं नव्हतं. मी पाठ फिरवली.

"काय म्हनतोय रं त्यो?" आबांनी विचारलं.

आबांचा आवाज परेडच्या मैदानावर घडलेला आहे. त्यांना हळू बोलता येत नाही, आणि टोपीने कान झाकलेले असले की ते आणखी जोरात बोलतात. दोन-तीन गिऱ्हाइकांनी वळून बघितलं. मला दिसलं की सगळं समजावून सांगायचं तर ते प्रश्न विचारणार, सुभेदारसाहेब काढणार, मी परत दाढीवाल्याला विचारणार, तो परत बोटाने चित्र काढणार, आणि एवढ्यात बुटांच्या रॅकपाशी सगळं ऐकू जाणार. माकडटोपीतला माझा बाप, हातात काडतुसांचा बॉक्स. माझ्या पाठीवर जणू कुणी निखारा ठेवला होता.

"काही नाही आबा," मी हळूच म्हटलं. "तुमचीच बरोबर म्हणतोय. हीच घ्या."

आबांचा चेहरा असा उजळला! त्यांनी हातमोजा काढून दाढीवाल्याशी हात मिळवला. "बघ," मला म्हणाले, "जानकार मानूस हाय." तो माणूस माझ्याकडे बघत राहिला, मग खांदे उडवून त्याने कवचाच्या गोळ्यांचा बॉक्स स्कॅन केला. मी आबांना दंडाला धरून जवळजवळ ओढतच बाहेर काढलं. गाडीत बसल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, हेसुद्धा लिहून ठेवतो.

पुढच्या शनिवारी उजाडताना आम्ही फार्मवर होतो. कुंपणापलीकडे कापलेल्या गव्हाची धसकटं बर्फातून वर आली होती. आम्ही गवताच्या गठ्ठ्यांमागे पालथे पडलो. आबांनी मला बोलायची बंदी केली होती. बऱ्याच वेळाने तो आला, नाक खाली घालून, सावकाश. उन्हात त्याची लव सोनेरी दिसत होती. तेवढा देखणा प्राणी मी जवळून कधी पाहिला नव्हता. आबांनी श्वास सोडला आणि गोळी सुटली.

कायोटी पडला. मी उठून उभा राहिलो, आबांच्या पाठीवर थाप मारणार एवढ्यात तोही उठला. एकदा मागे वळून त्याने आपल्याच कुशीला चावा घेतला आणि पळाला. आबांनी पुन्हा बोल्ट ओढला, पण कायोटी पलीकडच्या गठ्ठ्यांच्या आड गेला होता.

आम्ही माग काढत निघालो. बर्फात रक्त अगदी थोडं, इथे एक थेंब, तिथे एक. आबा गुडघाभर बर्फातून पुढे, मी मागे. मी म्हणत होतो की थांबा, दम घ्या, तो मेला असेल कुठेतरी. ते थांबेनात. "मी गोळी घातलीय त्याला," एवढंच म्हणायचे. मध्येच ते बसकण मारायचे, उठायचे, पुन्हा चालायचे. त्यांच्या भुवयांवर बर्फ जमला होता. माझ्या कानात सारखा दाढीवाल्याचा आवाज घुमत होता. कधी कधी दिवसभर, म्हणाला होता.

दुपार कलल्यावर तो सापडला. गोठलेल्या तळ्याच्या काठी जुनं गंजकं मळणीयंत्र पडलं होतं, त्याच्याखाली शिरून बसला होता. जिवंत. आम्ही जवळ गेलो तरी हलला नाही, गुरगुरलाही नाही, फक्त बघत होता. पोटाखालचा बर्फ लाल झाला होता. आबांनी टोपी काढली. का काढली मला माहीत नाही. मग त्यांनी दुसरी गोळी घातली.

ओढून बाहेर काढल्यावर त्यांनी त्याच्या कुशीवरची लव बोटांनी बाजूला केली. दोन्ही बाजूंना बारीक भोक. जिथे बसायला हवी तिथून दोन बोटं मागे.

"हात हालला माझा," आबा म्हणाले. "म्हातारा झालो रं मी. हात हालला."

तिथे, त्याच क्षणी, मला तोंड उघडता आलं असतं. मी म्हटलं, "चला आबा, थंडी वाजतेय."

बाईला कातडं दिलं तेव्हा तिने आबांच्या खांद्यावर थोपटलं. फार छान कातडं, ती म्हणाली, भोक शोधावं लागतंय. मी ते भाषांतर करून सांगितलं. हे बरं सांगितलं! आबांनी रायफल पुसली, तेल दिलं, कपाटात ठेवली आणि किल्ली बाईच्या हातात दिली. "तिला सांग, आता दुसरं कुनीतरी बघ म्हनावं."

पुढचा शनिवार आला तेव्हा ते तयार झाले नाहीत. त्याच्या पुढचाही नाही. बेसमेंटमध्ये टीव्ही लावून बसायचे, दाढी वाढलेली. चहाचा कप घेतला की तो हातात अधांतरी धरून ठेवायचे आणि चहाकडे बघायचे. आधी मला कळलं नाही. मग कळलं की हात थरथरतो का ते बघताहेत. थरथरत नव्हता. खोलीतला तो रेंजवरचा कागद त्यांनी काढून टाकला होता. भिंतीवर टेपचे चार तुकडे राहिले होते. बाईचा फोन आला, तुझे वडील आजारी आहेत का म्हणून. मी म्हटलं, थंडी फार आहे ना. बायकोने विचारलं, "दुकानात नीट विचारलं होतं ना तुम्ही?" मी तिच्यावर खेकसलो. आपलं चुकलेलं असलं की आवाज चढतो, हे मला माझ्याबद्दल पूर्वीपासून ठाऊक आहे.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्या दिवसांत कळलं. त्या कायोटीची मला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त त्या चहाच्या कपाची.

शेवटी एका रविवारी दुपारी, घरापुढचा ड्राइव्हवे शोव्हल करताना, म्हणजे फावड्याने बर्फ काढताना, मी सांगून टाकलं. आबा बाजूच्या कडा साफ करत होते. मी मान वर न करता सगळं बोललो: दाढीवाला काय म्हणाला होता, दुसरा बॉक्स कोणता होता, ती गोळी आत फुटते ती जनावराचे हाल होऊ नयेत म्हणूनच, आणि मी त्यांना काय सांगितलं.

आबांनी फावडं टेकवलं.

"म्हंजी माझा हात हालला न्हवता?"

"दोन बोटं गेला असेल इकडे-तिकडे. वारा होता. पण त्या गोळीने तेवढं चाललं असतं. तो जागेवर गेला असता."

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. समोरून बर्फ ढकलणारा ट्रक गेला.

"लई वेळ जिता हुता त्यो," ते म्हणाले.

मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मला सांगायचं हुतंस. मी हट्ट सोडला असता. सुभेदारसाहेबांनी मानसाचं सांगितलं हुतं, जनावराचं काय सांगितलं न्हवतं."

"आबा, ते... तिथे मंडळातले लोक होते. म्हणून मी घाई केली."

"व्हय. बघितलं हुतं मी त्यास्नी." त्यांनी फावड्याला चिकटलेला बर्फ बुटाने पाडला. "गनपतीत भेटले हुते न्हवं का. रामराम घालनार हुतो, पर तू पाठ फिरवलीस. मग म्हटलं, ऱ्हाऊ दे."

एवढं बोलून ते उरलेली कड साफ करू लागले. मीही शोव्हल करत राहिलो. दोघांच्या मध्ये वीतभर बर्फ राहिला होता, तो मी काढला.

त्या आठवड्यात मी बाईला फोन करून आबा येतील असं सांगितलं, आणि शनिवारी आम्ही पुन्हा त्या दुकानात गेलो. मी आदल्या दिवसापासून ठरवून ठेवलं होतं: या वेळी एकेक शब्द सांगायचा. अख्खं मंडळ रांगेत उभं असलं तरी सांगायचा. गाडीत मी उगाच जास्त बोलत होतो. आबांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता.

पार्किंगमध्ये उतरताना त्यांनी माकडटोपी काढली. नीट घडी करून खिशात ठेवली. मफलरही काढून सीटवर ठेवला. मी म्हटलं, आबा, घाला, थंडीने कान जातील. त्यांनी ऐकलं नाही. उघड्या डोक्याने, पांढरे केस हाताने चापत, ते त्या थंडीतून दारापर्यंत चालले.

काउंटरवर तोच दाढीवाला. मी त्याला म्हटलं, मागच्या वेळी जे सांगितलंस ते पुन्हा सांग, सगळं, सावकाश. त्याने बोटाने पुन्हा कायोटी काढला. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो, मोठ्याने, कुणी वळून बघितलं तर बघू दे अशा आवाजात. ही आत गेली की फुटते, आबा. बाहेर सहसा येत नाही. भोक वाटाण्याएवढं. त्याला कळायच्या आत सगळं संपतं. काही विचारायचंय का तुम्हाला? विचारा ना. काहीही विचारा.

आबांचे कान लालबुंद झाले होते. त्यांनी एकदा बुटांच्या रॅककडे पाहिलं, माझ्या बाहीला हात लावला, आणि मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता अशा बारीक आवाजात म्हणाले, "हळू बोल बाळा. लोकं बघत्यात."